कच्चा पानगा

रामाकोना गावाजवळच्या एका घरात मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा देऊन आली, की त्याच उन्हाळ्यात तिने डोंगरावर मुक्काम करायचा असतो. घराण्यात याला नुसतं ‘मुक्काम’ म्हणतात. पूर्वी तो एक रात्र आणि एक दिवस असे. पलीकडच्या रानात वाघाच्या पंजांचे ठसे दिसू लागल्यापासून घरातले सर्वांत वडील, यशवंतराव, यांनी रात्र काढून टाकली. आता दिवस उजाडायच्या आधी वर जायचं आणि दिवेलागणीला खाली यायचं.

नियम थोडेच आहेत, पण ते कोणी मोडत नाही. सोबत कोणी नाही, फोन नाही. एक डबकी, म्हणजे लहान कॅनभर, पाणी, कणीक, मीठ, काडेपेटी आणि थोड्या गोवऱ्या. पळसाच्या पानांत कणीक थापून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर आपल्या हाताने पानगा भाजायचा. अर्धा खायचा, अर्धा घरी आणायचा. दिवसभर कोणाशी बोलायचं नाही आणि कोणाचं काही खायचं-प्यायचं नाही. घरी आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याने उरलेला अर्धा पानगा खाल्ला, की मुक्काम पुरा झाला. तोंड त्यानंतर उघडायचं, आधी नाही.

मुक्काम केला नाही म्हणून कोणाचं लग्न अडत नाही की कोणाला जेवायला कमी पडत नाही. फरक पडतो तो अक्षयतृतीयेच्या सकाळी. त्या दिवशी घरचे सगळे ओसरीवर बसतात आणि वर्षाची शेती ठरवतात. कापूस कुठे, तूर कुठे, संत्र्याचा कोणता बहार धरायचा. ज्याने मुक्काम केला आहे तो बोलतो. बाकीचे ऐकतात.

या वर्षी पाळी उर्वशीची होती. तिच्या वडिलांनी, गुणवंतांनी, मुक्काम केला नव्हता. त्या वयात ते छिंदवाड्याच्या वसतिगृहात होते, आणि नंतर पांढुर्ण्याला शिक्षक झाले. रविवारी घरी येतात, शेतात राबतात, पण अक्षयतृतीयेला खांबाला टेकून गप्प बसतात. आई मीना बाहेरून आलेली. सुनांना मुक्काम नाही. म्हणजे त्या घराच्या त्या अर्ध्या भागातून बोलणारं कोणी नव्हतं.

या वर्षी बोलण्यासारखं काही होतं. नाल्यापलीकडची संत्र्याची जुनी वाडी काढायची, असं उर्वशीच्या काकांनी, प्रफुल्लने, ठरवलं होतं. झाडांना डिंक्या लागला होता. डिंक्या म्हणजे खोडाची साल फाटून तिच्यातून डिंक गळतो आणि झाड हळूहळू वाळतं. अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी यायचा होता. सगळी वाडी उपटायची आणि पावसात नवी कलमं लावायची, असा काकांचा बेत होता, आणि तो काही वाईट बेत नव्हता.

पण उर्वशीने मागच्या दोन उन्हाळ्यांत, रविवारी वडिलांबरोबर, त्या झाडांच्या खोडांवरचा डिंक खरवडला होता. सडलेली साल चाकूने काढून त्यावर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावली होती. बरीच झाडं सुधारली होती. काका या वर्षी नाला ओलांडून गेलेच नव्हते. हे तिने घरात अनेकदा सांगितलं होतं. ती सांगायची ते घरात कोणाच्या लक्षात राहत नसे, कारण ती सतत काही ना काही सांगतच असायची.

“तू तोंड बंद ठेवशील?” आदल्या संध्याकाळी वीरेंद्र म्हणाला. वीरेंद्र म्हणजे काकांचा मुलगा. त्याचा मुक्काम गेल्या वर्षी झाला होता. “अवं, तू झोपेतही बोलते. मीच ऐकलं आहे.”

“तू झोपेत दात खातो, ते नाही ऐकलं का तू?”

“पाहा. सुरू झाली.”

“आता सूर्य मावळून राहिला. उद्याचं उद्या. आज मले बोलू दे.”

काका खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. ते हसून म्हणाले, “बोल माय, बोल. उद्याचं आजच बोलून घे. पण कायले तरास करून घेते? वाडी तर जातेच आहे.”

“मुक्काम झाला तर मी बोलीन ना काका, परवा?”

“हाव. मुक्काम झाला तर बोलजो,” काका म्हणाले. “तुले कोणी अडवलं नाही.”

पहाटे आबाजी, म्हणजे यशवंतराव, तिला शेताच्या वरच्या बांधापर्यंत सोडायला आले. तिथून पुढे जंगल लागतं. ते काठी टेकून उभे राहिले, तिच्या पिशवीला एकदा हात लावून पाहिला आणि परत फिरले. तिने वळून पाहिलं तेव्हा ते बांधावरून सावकाश खाली जात होते.

चढ फार नाही, पण पायवाट लवकर संपते. वैशाखात सागाला पान नसतं. सगळी पानं खाली पडलेली असतात, मोठी आणि कडक, आणि त्यांवरून चालताना इतका आवाज होतो की आपल्या मागून कोणी येत आहे असं वाटत राहतं. उर्वशी दोनतीनदा थांबली. ती थांबली की आवाजही थांबे.

मुक्कामाची जागा ठरलेली आहे. डोंगराच्या पाठीवर एक सपाट खडक, त्याच्या अंगाला एक मोह आणि पळसाची झुडपं. खालून कोरडा नाला जातो. खडकावर उभं राहिलं की एका बाजूला आपली शेतं आणि दूर कन्हान नदीची वाळू दिसते. दुसऱ्या बाजूला फक्त रान.

तिने बसून सगळीकडे पाहिलं. ऊन वर आलं. एक मोर ओरडला, मग बराच वेळ काहीच नाही. तिला पहिली गोष्ट जाणवली ती ही की जे दिसेल ते सांगायला तोंड आपोआप उघडत होतं. एक सरडा खडकावर आला आणि मान वरखाली करू लागला, तेव्हा तिने “अगं आई” म्हणायला ओठ हलवले आणि हाताने दाबून धरले. एकटं असताना स्वतःशी बोलणं नियमात बसतं की नाही, हे तिने आबाजींना विचारलं नव्हतं. म्हणून तिने तेही केलं नाही.

ऊन चढण्याआधी पानगा भाजून घ्यावा म्हणून तिने खडकावरची पानं दूर लोटली, तीन दगड मांडले आणि गोवऱ्या पेटवल्या. गोवरी सावकाश पेटते. आधी धूर, मग बराच वेळ नुसता धूर, मग लाल. तिने कणीक भिजवली, पळसाची पानं तोडून पुसली, पानांमध्ये पानगा थापला आणि निखाऱ्यावर ठेवून वरून निखारे ओढले.

पान करपू लागल्याचा वास आला तेवढ्यात नाल्याकडून कोणी धावत चढत आल्याचा आवाज झाला. या वेळी ती थांबलेलीच होती, तरी आवाज थांबला नाही.

खाकी कपड्यांतली एक बाई खडकावर आली. हातात काठी, पाठीला पाण्याची बाटली, चेहरा घामाने भिजलेला. ती वनरक्षक होती, आणि तिचं नाव डिंपल होतं, हे उर्वशीला नंतर कळलं. ती आधी श्वास घेत वाकून उभी राहिली.

“काय करून राहिली वं तू?” ती ओरडली. “अकल आहे का? वैशाख महिना आहे! धूर पाहून मी त्या टेकडीवरून पळत आली. एक ठिणगी उडाली ना, तर सारा डोंगर जाते, समजते?”

उर्वशी उभी राहिली. तिने हात जोडले.

“हात नको जोडू. नाव काय? कोणाची तू?”

उर्वशीने शेतांकडे बोट दाखवलं.

“तिकडे तर अर्धा तालुका आहे. नाव सांग.”

डिंपलने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पानग्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“घरून भांडून आली का? कोणी मारलं का? अवं सांग ना, मी काही पोलीस नाही. बरं, मले नको सांगू. आग इझव आधी.”

उर्वशीने एकदा निखाऱ्याकडे पाहिलं. पानगा अजून व्हायचा होता. थोडा वेळ थांबा, फक्त वरची बाजू व्हायची आहे, मी नीट विझवीन, खडकावर पान एक ठेवलं नाही, पाहा. हे सगळं तिच्या तोंडात तयार होतं. मोठ्या माणसांना पटवणं तिला येत होतं आणि ही बाई मनाने चांगली दिसत होती. दोन वाक्यांत ती बाई थांबली असती. पण ती दोन वाक्यं उर्वशी बोलली असती तर उद्या ओसरीवर ती वडिलांच्या शेजारी खांबाला टेकून बसली असती, आणि परवा जेसीबी आला असता.

तिने डबकी उचलली आणि सगळं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. राख फसफसली. काठीने उकरून तिने आत लाल काही राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि वरून माती टाकली.

“हं,” डिंपल जरा खालच्या आवाजात म्हणाली. “ऐकू तर येते तुले. बोलता नाही येत का?”

उर्वशीने मान हलवली नाही. होही नाही, नाहीही नाही.

“अरे देवा,” डिंपल म्हणाली आणि खडकावर बसली. “मुकी आहे बिचारी. आन् मी कवाची ओरडून राहिली.” तिने बाटली पुढे केली. “घे, पाणी पी. सारं पाणी ओतलं तू.”

उर्वशीने हात जोडले आणि घेतलं नाही.

“घे ना वं. मोहगावचं पाणी आहे, जहर नाही.”

तेवढ्यात डिंपलच्या कमरेचा वायरलेस खरखरला. दुसऱ्या बाजूच्या रानात धूर दिसला होता. ती उठली, खिशातून बिस्किटांचा पुडा काढून खडकावर ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हातवारे करून म्हणाली, “हे खा. घरी जा. आग नाही. आग नाही, समजलं? शाबास.” आणि सागाची पानं वाजवत ती उतारावरून निघून गेली.

उर्वशीने राखेतून पानगा काढला. वरची पानं कोळसा झाली होती, कडेला काळं झालं होतं, आत कणीक पांढरी होती. तिने अर्धा मोडून खाल्ला. कच्ची कणीक दाताला चिकटते आणि घशाला लागते. उरलेला अर्धा ताज्या पानांत बांधून ठेवला.

मग पाण्याची गोष्ट आली. दुपार व्हायची होती आणि डबकी रिकामी होती. बिस्किटं एका वानराने नेली. तो पुडा घेऊन मोहावर चढला आणि कागद तिच्यासमोर खाली टाकला.

झिरा कसा काढतात ते तिने लहानपणी पाहिलं होतं. नाला कोरडा दिसतो, पण वाळूखाली पाणी असतं. ते सगळीकडे नसतं. जिथे नाला वळतो, तिथे वळणाच्या बाहेरच्या काठाला, खडकाच्या पायथ्याशी बघायचं. तिथे जांभळीचं किंवा करंजाचं झाड हिरवं असेल तर बरं. उर्वशी उतरून गेली आणि पहिल्या वळणावर उकरू लागली. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू गरमच लागत होती. तिने ती जागा सोडली.

दुसऱ्या वळणावर करंज होता. तिथे वरची वाळू काढल्यावर खालची काळी लागली, मग गार. खळगा पुन्हा पुन्हा ढासळत होता. तिने कडेने दगड लावले आणि उकरत राहिली. नखांत वाळू गेली, एका बोटातून रक्त आलं. तळाशी ओल आली, आणि मग काहीच झालं नाही. अशा वेळी आणखी उकरायचं नसतं. पाणी येताना दिसत नाही, ते येऊ द्यावं लागतं. ती सावलीत बसली. पुन्हा पाहिलं तेव्हा तळाला तळहाताएवढं गढूळ पाणी होतं. तिने ते ओंजळीने उपसून टाकलं. दुसरंही टाकलं. तिसरं जरा निवळ आलं, ते ती प्यायली. त्याला पाल्याचा वास होता.

ती पुन्हा मागे जाऊन करंजाखाली बसली. थोड्या वेळाने एक मुंगूस आलं, झिऱ्यात डोकं घालून प्यालं आणि गेलं. मग होले आले. ऊन फार होतं आणि कोणी घाईत नव्हतं. तीही नव्हती. तिला काही विचार सुचले, काही आठवलं, उद्या काय बोलायचं ते तिने मनात लांबलचक मांडून पाहिलं आणि मधेच विसरली. ती थोडी झोपली. जागी झाली तेव्हा सावल्या नाल्याच्या दुसऱ्या काठाला गेल्या होत्या.

घरी दिवा लागला तेव्हा ती अंगणात येऊन उभी राहिली. मीनाने तिचे हात पाहिले आणि तोंडाला पदर लावला. पण विचारून उपयोग नव्हता.

आबाजी ओसरीवर बसले होते. उर्वशीने पानांची पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली. वीरेंद्र वाकून पाहू लागला.

“हा तर कच्चा आहे!” तो म्हणाला. “आबाजी, आग पेटवता नाही आली हिले.”

प्रफुल्लकाकांनी पानगा हातात घेतला, मोडून पाहिला आणि परत ठेवला. ते रागावले नव्हते. “कणीक आहे ही,” ते म्हणाले. “मी काही मुद्दाम अडून नाही राहिलो. पण भाजलाच नाही तर पानगा कसा म्हणायचा? उद्या कोणी कणीक मळून नेईन आन् तशीच आणीन.”

“कडेले जळला आहे ना,” गुणवंता खांबाजवळून म्हणाले.

“दादा, तुम्ही मुक्काम नाही केला. तुम्ही नका बोलू यात.”

गुणवंता पुन्हा खांबाला टेकले. उर्वशीने वडिलांकडे पाहिलं, मग काकांकडे. तिचे ओठ एकदा उघडले. मीना पटकन म्हणाली, “नको वं माय, नको!” आणि ते मिटले.

अंगणात गाडी थांबली. डिंपल आत आली, घामाने आणि धुळीने माखलेली. रानाच्या कडेच्या प्रत्येक घरी ती त्या संध्याकाळी जात होती.

“नमस्कार बाबूजी. सांगायले आली. जंगलात आग लावू नका, तिकडे आज बरंच जळलं. आन् तुमच्या वरच्या डोंगरावर आज एक पोरगी चूल पेटवून बसली होती. मुकी आहे बिचारी. कोणाची आहे माहीत आहे का? तिच्या घरच्याले सांगा, एकटी सोडत जाऊ नका तिले.”

वीरेंद्र हसता हसता खाली बसला.

“मुकी?” मीना म्हणाली. “माय, मुकी असती तर माह्या डोक्याले आराम राह्यला असता!”

डिंपलने कंदिलाच्या उजेडात उर्वशीला पाहिलं. “अवं, हीच ती! हीच! मग बोलली काहून नाही? मी किती विचारलं हिले! आग इझव म्हटलं तर सारं पाणी ओतलं हिनं, आन् माह्या बाटलीतलं घेतलं नाही. मी तर घरी जाऊन नवऱ्याले सांगणार होती, आज जीव कळवळला म्हणून!”

उर्वशी तिच्याकडे बघत उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती बोलली नाही.

यशवंतरावांनी डिंपलला खाली बसवलं आणि मुक्काम काय असतो ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग आबाजींनाच रागे भरली. वैशाखात जंगलात आग लावणं गुन्हा आहे, रीत असो की काही असो, पुढच्या वेळी ती नाव लिहून घेईल. आबाजींनी ते मान खाली घालून ऐकलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पुढे पाहू काय करायचं ते.”

“चूल नाही तर मग मुक्कामात राह्यलं काय?” काका म्हणाले.

आबाजींनी पानगा उचलला. त्यांना आता दात थोडेच आहेत. त्यांनी एक घास मोडला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि गिळला. दुसरा मोडला. सगळे पाहत होते. पुडीतली पानं रिकामी होईपर्यंत ते खात राहिले, आणि मीनाने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाले, “मीठ कमी आहे. बोल माय आता.”

उर्वशी आधी डिंपलकडे वळली. आवाज घोगरा निघाला. “मॅडम, बिस्किटं वानरानं नेली. मी नाही खाल्ली. पण तुम्ही ठेवली म्हणून बरं वाटलं.”

“बोलते तर चांगली,” डिंपल म्हणाली.

प्रफुल्लकाका उठले. “बोल म्हटलं आहे. ऐकीन असं नाही म्हटलं,” ते जाता जाता उर्वशीला म्हणाले, आणि तिच्यासाठी खाट अंगणात टाकायला वीरेंद्रला हाक मारली.

सकाळी ओसरीवर नव्या वाडीचा विषय निघाला. काकांनी खर्चाचं आणि कलमांचं सांगून झाल्यावर आबाजींनी उर्वशीकडे पाहिलं. तिने सांगितलं, की बऱ्याच झाडांचा डिंक थांबला आहे, नवी साल येत आहे, काही झाडांना पालवी आहे.

“एकदोन झाडं सुधरली म्हणून वाडी सुधरत नाही,” काका म्हणाले.

“तुम्ही पाहिली का काका, या वर्षी?”

काका थांबले. “नाही पाहिली.”

“मग चला ना. जेसीबी उद्या आहे. आज एकेक झाड पाहू. जे ठेवायचं त्याले चुना मारू. बाकीचं जाऊ द्या.”

आबाजी म्हणाले, “जा. दोघंही जा.”

चुन्याची बादली काकांनी उचलली. गुणवंता कुंचा घेऊन मागे निघाले. नाला ओलांडल्यावर पहिल्याच झाडापाशी वाद झाला. काकांनी चाकूने साल जरा खरवडली, खाली हिरवं निघालं. ते पुढे गेले आणि गुणवंतांनी त्या खोडावर पट्टा मारला. पुढचं झाड काका ठेवायला तयार नव्हते. उर्वशी जोरजोरात बोलत होती, काकाही, आणि दोघं एकाच वेळी. शेवटी त्यालाही पट्टा मारला. मग दोन झाडं काकांच्या म्हणण्याप्रमाणे बिनपट्ट्याची राहिली. मग पुन्हा एक पट्टा.

असं करत ते विहिरीजवळच्या झाडापाशी आले. तिथे उर्वशीने सर्वांत जास्त काम केलं होतं, दोन्ही उन्हाळे. झाडाला एका बाजूला पालवीही होती. काकांनी ती पाहिली, पुतणीकडे पाहिलं आणि आपणच कुंच्यासाठी हात पुढे केला.

उर्वशी गुडघ्यावर बसून बुंध्याशी माती उकरत होती. तिने मुळाचा तुकडा दोन बोटांत धरून ओढला. साल हातात निघून आली. तिने वास घेतला.

“नाही काका,” ती म्हणाली. “हे नाही ठेवायचं.”

काका कुंचा धरून उभे होते. चुना त्यांच्या चपलेवर ठिबकत होता.

“पालवी आहे ना पण याले,” ते म्हणाले.

“वरून आहे. खाली काही नाही राह्यलं.” ती उठली, हाताची माती झटकली आणि पुढच्या झाडाकडे गेली. “हे पाहा. याच्यासाठी मात्र मी भांडणार आहे.”